मुळें गमावलेल्या आमरीची शुश्रूषा

आंब्याचीं जुनीं झाडें साफ करितांना त्यांवरील बांडगुळें काढून टाकण्याची चाल सर्वत्र आहे, आणि ती योग्यच आहे. बांडगूळ आपलीं शोषक मुळें फांदीच्या आंत घालून तिच्यांतील रस घेतें व फांदी खंगवितें. परंतु त्याच कोयत्याखालीं आणखी एक वनस्पति विनाकारण बळी पडते. ती म्हणजे आमरी, अर्थात् ऑर्किड. ही झाडाचा रस मुळींच घेत नाहीं. तिचीं मुळें सालीला केवळ बाहेरून चिकटलेलीं असतात. पाऊस, दंव आणि सालीवर सांचलेला पालापाचोळा एवढ्यावर तिचा निर्वाह चालतो. ती काढून टाकल्यानें आंब्यास एक फळही अधिक येणार नाहीं.

कोंकणांत व घाटमाथ्यावर आढळणारी सीतेची वेणी आमच्या पुष्कळ वाचकांनीं पाहिली असेल. ऐन पावसाळ्याच्या तोंडावर तिला गुलाबी-पांढऱ्या फुलांचे लोंबते घोस येतात. हीच वनस्पति आसामांत ‘कपौ फूल’ म्हणून ओळखली जाते. तें त्या राज्याचें राज्यपुष्प असून बिहूच्या सणांत स्त्रिया तें केसांत माळतात. अशी वनस्पति ओढून काढली म्हणजे तिचीं मुळें सालीवरच तुटून राहतात, आणि हातीं येतो तो केवळ पानांचा झुबका. कुंडींतील आमरीचीही हीच दशा होते, परंतु निराळ्या कारणानें: पाणी अति झाल्यामुळें तिचीं मुळें कुजून जातात. दोन्ही ठिकाणीं उपचार मात्र एकच आहे.

प्रथम रोग कोणता तें समजून घ्यावें. आमरीच्या मुळावर निर्जीव पेशींचें एक पांढरें, स्पंजासारखें आवरण असतें. पाणी लागतांच तें भरून घेतें आणि मूळ हिरवट दिसूं लागतें. हें आवरण सतत भिजलेलें राहिलें तर आंत हवा जात नाहीं व मूळ कुजतें. मुळें गेलेल्या आमरीचीं पानें सुरकुततात व चामड्यासारखीं लिबलिबीत होतात. तें पाहून मालक पाणी वाढवितो आणि वर खतही घालतो. येथेंच घात होतो. झाड तहानलेलें आहे हें खरें. पण पाणी पिण्याचें साधनच त्यास उरलेलें नाहीं. बुंध्याशीं ओतलेलें पाणी पोटांत न जातां उरलासुरला बुंधा कुजवितें. म्हणून पाणी देण्यापेक्षां पानांतील पाणी बाहेर जाऊं न देणें, हेंच ह्या शुश्रूषेचें मुख्य सूत्र होय.

आतां कृति सांगतों. सुरी ज्योतीवर तापवून निववून घ्यावी, कारण एका झाडाचा विषाणुरोग दुसऱ्यास हत्यारामार्फत लागतो. प्रत्येक मूळ बोटांनीं दाबून पाहावें. टणक लागेल तें जिवंत, तें राखावें. पोकळ किंवा लिबलिबीत लागेल तें कापून टाकावें. कापलेल्या तोंडांस थोडी दालचिनीची पूड लावावी, परंतु ती जिवंत मुळांस लागूं देऊं नये, कारण ती त्यांस सुकविते. फुलांचा दांडा असेल तर तोही मोह न धरतां कापावा. नंतर झाड एक दिवस सावलींत कोरडें होऊं द्यावें.

पुढें एका रुंद भांड्यांत भिजवून घट्ट पिळलेलें शेवाळ किंवा नारळाच्या सोडणाचा काथ्या पसरावा. त्यावर जाळी ठेवून झाड असें बसवावें कीं बुंधा ओलीच्या जवळ राहील, परंतु तींत रुतणार नाहीं. वरून पारदर्शक प्लॅस्टिकचें आच्छादन घालावें व तें रोज थोडा वेळ उघडून हवा खेळूं द्यावी. भांडें उजेडांत परंतु उन्हापासून दूर ठेवावें. आच्छादनाखालीं ऊन लागल्यास झाड शिजून जाईल. अगदीं काळोखही नको, कारण नवें मूळ फुटण्यास लागणारें अन्न पानें उजेडांतच तयार करितात. जाड पानांच्या पुष्कळ आमरी आपलीं पर्णरंध्रें रात्रीं उघडतात, तेव्हां रात्रीची हवा दमट असणें विशेष अगत्याचें आहे. पानांच्या बेचक्यांत मात्र पाणी सांचूं देऊं नये. शेंडा कुजला तर आशा फार थोडी उरते.

ह्यानंतर धीर धरावा. नवें मूळ फुटण्यास दोन-तीन महिने, कधीं त्याहूनही बराच अधिक काळ लागतो. तोंवर खत बिलकूल घालूं नये. सीतेच्या वेणीसारख्या एकाच खोडानें वाढणाऱ्या जातींत मूळ पानांच्या बुडाशीं खोडांतून निघतें. डेंड्रोबियमसारख्या कांडीच्या जातींत तें बहुधा नव्या कोंबाच्या तळाशीं येतें. म्हणून जिवंत डोळा असलेली कांडी जपावी. हिरव्या टोंकाचा फुगवटा दिसला म्हणजे निम्में काम झालें असें समजावें. हें टोंक फार नाजूक असतें. मूळ बोटभर वाढलें कीं झाड लांकडास मऊ दोरीनें हलणार नाहीं असें बांधावें, आच्छादन हळूहळू कमी करावें आणि मगच अगदीं पातळ खत द्यावें. कोंकणांत मृगापासून पुढें ह्या कामास काळ अनुकूल असतो. देशावर कोरड्या महिन्यांत आच्छादनावांचून चालणार नाहीं.

एवढा खटाटोप कां करावा, असें कोणी विचारील. आमरीचें बीं धुळीइतकें बारीक असून त्यांत अन्नाचा सांठा नसतो. रानांत विशिष्ट बुरशीचें साह्य मिळालें तरच तें रुजतें. बुरशीवांचून, साखरयुक्त माध्यमावर तें रुजवितां येतें हें नड्सन ह्या शास्त्रज्ञानें 1922 सालीं दाखविलें. तरी रोपास फुलें येईपर्यंत कित्येक वर्षें जातातच. आंब्यावरील एक मोठी आमरी उपटणें म्हणजे तितक्या वर्षांची कमाई क्षणांत घालविणें होय.

म्हणून आमचें सांगणें इतकेंच कीं, साफसफाईच्या वेळीं गड्यास बांडगूळ व आमरी ह्यांतील भेद आधीं दाखवावा. बांडगुळाचा जोड फांदीच्या आंत शिरलेला व गांठाळ असतो. आमरीचीं जाड, पांढुरकीं मुळें सालीवर उघडीं पसरलेलीं दिसतात. फांदीच तोडावयाची असेल तर आमरी न ओढतां फांदीचा तेवढा तुकडा तिच्यासकट कापून दुसऱ्या झाडाच्या सावलींत बांधावा. मुळें शाबूत राहिलीं म्हणजे वर सांगितलेल्या शुश्रूषेची गरजच पडणार नाहीं.