कॅरीची रात्र, पुण्याचं प्रूफ

उन्हाळ्यात अमेरिकेतल्या कॅरीमध्ये रात्रीचे साडेनऊ होतात तेव्हा पुण्यात सकाळचे सात वाजलेले असतात. मुलं झोपली, भांडी डिशवॉशरमध्ये गेली, की मराठी मंडळाच्या अंकासाठी रखडलेला लेख पुरा करायला तासभर मिळतो. लेख संपला की फाइल पाठवायची आणि दिवा मालवायचा. तिकडे पुण्यात किंवा साताऱ्यात कुणीतरी चहा घेऊन तीच फाइल उघडतं. कॅरीत उजाडेपर्यंत ऱ्हस्व-दीर्घ जागच्या जागी आलेले असतात, दोन-तीन शंका समासात लिहिलेल्या असतात आणि सभासदांना जायचा ईमेल तयार असतो.

या माणसाला इंग्रजीत 'व्हर्च्युअल असिस्टंट' म्हणतात. दुसऱ्या गावात, दुसऱ्या देशात बसून इंटरनेटवरून मदत करणारा हा साहाय्यक. विमानाची तिकिटं काढण्यापासून हिशेब ठेवण्यापर्यंत तो काहीही करतो. पण लेख तपासून वाचकांपर्यंत पोहोचवण्यासाठी त्याला नेमलं, तर हा नवा पेशा मराठीतल्या एका जुन्या पेशाजवळ येतो. मुद्रितशोधकाच्या.

छापखान्यात खिळे जुळवले जायचे तेव्हा एकजण मूळ प्रत मोठ्याने वाचत असे आणि दुसरा ओल्या प्रुफावर खुणा करत असे. पहिलं प्रूफ, दुसरं प्रूफ, मग छपाईचा हुकूम. लेखक, मुद्रितशोधक आणि यंत्रचालक अशी तीन माणसं तीन कामं करत. आज ही तिन्ही कामं एकाच लॅपटॉपवर होतात, आणि ती एकाच माणसाने करायची म्हटलं की चुका वाढतात. आपण लिहिलेलं वाचताना डोळा कागदावरचं वाचत नाही, मनातलं वाचतो. परका डोळा लागतो तो यासाठी.

नॉर्थ कॅरोलायनातलं कॅरी हे तसं परगावच्या माणसांचंच गाव. राजधानी रॅलेला लागून असलेल्या या गावाला १८७१ मध्ये नगराचा दर्जा मिळाला. १९५९ मध्ये जवळच 'रिसर्च ट्रँगल पार्क' उभं राहिलं, १९८०च्या सुमारास 'सॅस' ही सॉफ्टवेअर कंपनी इथे आली आणि गाव फुगत गेलं. २०२०च्या जनगणनेत वस्ती पावणेदोन लाखांच्या घरात पोहोचली. कॅरी या नावातली इंग्रजी अक्षरं फोडून जुने रहिवासी गमतीने म्हणतात, 'उत्तरेकडून आलेल्या यँकींना कोंडून ठेवायची जागा'. यँकींच्या मागोमाग भारतीयही आले. २०२२ मध्ये इथल्या श्री वेंकटेश्वर मंदिराचं ८७ फुटी गोपुर पुरं झालं.

लेखन तपासून छापणाऱ्यांशी या गावाचं नातं त्याहून जुनं आहे. 'अटलांटिक मंथली'चे संपादक आणि 'डबलडे, पेज अँड कंपनी' या प्रकाशनसंस्थेचे एक संस्थापक वॉल्टर हाइन्स पेज १८५५ मध्ये इथेच जन्मले. त्यांचे वडील फ्रँक पेज यांनीच हे गाव वसवलं.

घरबसल्या परदेशातला मदतनीस ठेवण्याची कल्पना अमेरिकेत गाजली ती २००५ मध्ये. ए. जे. जेकब्स या पत्रकाराने आपली कामंच काय, बायकोशी झालेल्या भांडणानंतरची समजूतही बंगळुरूच्या कंपन्यांतल्या साहाय्यकांवर सोपवून पाहिली आणि त्यावर 'एस्क्वायर' मासिकात खुसखुशीत लेख लिहिला. दोन वर्षांनी टिमोथी फेरिस यांच्या 'द फोर-अवर वर्कवीक' या पुस्तकाने ही कल्पना घरोघरी नेली. पुढे कंपनीची मध्यस्थीही गरजेची उरली नाही. २०१० मध्ये 'फायव्हर' हे संकेतस्थळ सुरू झालं. ईलान्स आणि ओडेस्क या दोन कंपन्या एकत्र येऊन २०१५ पासून 'अपवर्क' या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. काम देणारा आणि काम करणारा तिथे थेट भेटू लागले.

इंग्रजी मजकुरासाठी तिथे माणसांची रीघ लागते. मराठीची गोष्ट वेगळी. मराठी बोलता येणं आणि मराठी तपासता येणं यात फार अंतर आहे. प्रमाणलेखनाच्या ज्या नियमांवर आज बहुतेक छापील मराठी चालते, ते साहित्य महामंडळाचे नियम १९६२ मध्ये राज्य सरकारने स्वीकारले. १९७२ मध्ये त्यात चारांची भर पडून ते अठरा झाले. म्हणजे १९६२ पूर्वी शाळा शिकून अमेरिकेत आलेल्या आजोबांच्या लेखात 'कांहीं' आणि 'नाहीं' डोक्यावर टिंबं घेऊन येतात, आणि त्यांच्या मते ते बरोबरच असतं. त्याच अंकात शाळेनंतर मराठी फक्त फोनवर लिहिलेल्या तिशीतल्या आईचा लेख असतो, आणि कॅरीतच जन्मलेल्या मुलीची कविताही असते. तिघांना एकाच अंकात नांदवायचं काम तपासणाऱ्याचं.

कोशावर चालणारं यंत्र इथे फारसं कामी येत नाही, कारण मराठीतल्या कितीतरी चुका हे स्वतःच धड शब्द असतात. २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, मंडळं मराठी भाषा गौरव दिन साजरा करतात. निमंत्रणात 'गौरव दीन' असं पडलं, तर शब्द नुसते कोशाशी ताडून पाहणाऱ्या सॉफ्टवेअरला ते खटकणार नाही; दोन्ही शब्द कोशात आहेत. भाषेचा दिवस मात्र गरीब बिचारा होऊन बसतो. 'पाणी'चं 'पाणि' झालं की पाण्याचा हात होतो, 'सूत'चं 'सुत' झालं की दोऱ्याचा मुलगा. कळफलकाची चूक आणखी निराळी. शनिवार-रविवारी ब्लू रिज डोंगरांत जाऊन आलेला लेखक तिथल्या दऱ्यांचं वर्णन करतो. पण 'ऱ्या'तला वळणदार र टंकायला न जमल्यामुळे 'दर्या' उमटतं आणि डोंगरात समुद्र उसळतो. हे पकडायला वाक्याचा अर्थ कळणारं कुणीतरी लागतं. खिशात मावणारी शुद्धलेखन पुस्तिका काढणारे अरुण फडके किंवा 'अंतर्नाद' मासिकाच्या व्याकरणाची बाजू सांभाळणाऱ्या यास्मिन शेख यांनी ज्या कामाला आयुष्य दिलं, ते हेच काम.

खरी खडाजंगी होते ती दुरुस्तीपेक्षा 'सुधारणे'वरून. कॅरीतला लेखक लिहितो, 'ग्रोसरी घेऊन ड्राइव्हवेत शिरलो'. पुण्याचा तपासनीस 'ग्रोसरी'चा 'किराणा' करतो. चुकला का? शब्दाच्या दृष्टीने नाही. पण मोठाल्या दुकानातून ढकलगाडी भरून आणलेली ग्रोसरी आणि वाण्याच्या पुडीतला किराणा यांत लेखकाला फरक दिसत असतो. 'पॉटलक'ला तर सरळ प्रतिशब्दच नाही. 'अंगत-पंगत' म्हटलं तर प्रत्येकाने घरून पदार्थ आणायचा हे कळतं, पण चर्चच्या भाड्याच्या हॉलमधल्या लांबलचक टेबलांचा वास जातो. तसंच 'केलं, गेलं' असं बोलीच्या वळणाने लिहिलेलं 'केले, गेले' करून टाकण्याचा मोहही मोठा.

म्हणून अनुभवी माणसं पहिल्याच दिवशी एक पानभर कागद करतात. कोणते शब्द जसेच्या तसे ठेवायचे, आकडे मराठी की इंग्रजी, 'केलं' की 'केले', गावांची नावं कशी लिहायची: रॅले की रॅली, डरम की डरहॅम. आणि सर्वांत वरती एक ओळ: चूक वाटली तर दुरुस्त करा, शैली वाटली तर विचारा. गूगल डॉक्समध्ये सुचवण्याची सोय असते. तीत तपासनिसाची प्रत्येक खूण वेगळ्या रंगात दिसते आणि स्वीकारायची की नाही हे लेखक ठरवतो. जुन्या छापखान्यातल्या समासातल्या खुणांचंच हे नवं रूप.

नेमणुकीआधी परीक्षा घ्यायची ती पैसे देऊनच. पाचशे शब्दांचा उतारा द्यायचा, त्यात मुद्दाम दहा चुका पेरायच्या आणि दोन-तीन जागा अशा ठेवायच्या की ज्या विचित्र दिसतात, पण बरोबर आहेत. दहाही चुका पकडणारा चांगला. त्या तीन जागांना हात न लावता शंका विचारणारा त्याहून चांगला.

वाटपाचं काम सोपं वाटतं आणि तिथेच फजिती होते. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह संगणकात तीन बाइट जागा घेतं, इंग्रजी अक्षर एक. जीमेल साधारण १०२ किलोबाइटच्या पुढचा ईमेल कापून टाकतं आणि खाली 'पूर्ण संदेश पाहा' अशी बारीक ओळ ठेवतं. चार-पाच लेखांचा इंग्रजी अंक अखंड पोहोचतो; तेवढाच मराठी अंक मध्येच तुटतो, आणि शेवटच्या पानावरचं कार्यक्रमाचं निमंत्रण कुणी वाचतच नाही. जाणता साहाय्यक ईमेलमध्ये प्रत्येक लेखाच्या चारच ओळी ठेवतो आणि पुढे दुवा देतो. साध्या जीमेल खात्यातून दिवसाला पाचशेच जणांना पत्र जातं, हेही त्याला ठाऊक असतं.

व्हॉट्सअ‍ॅपचे नियम आणखी वेगळे. एकच संदेश अनेकांना स्वतंत्रपणे पाठवायच्या यादीत २५६ जण मावतात. पण ज्यांनी पाठवणाऱ्याचा नंबर साठवलाय, त्यांनाच तो मिळतो. साहाय्यकाने स्वतःच्या भारतातल्या नंबरावरून पाठवलं तर कॅरीतल्या बहुतेकांपर्यंत ते पोहोचतच नाही. अफवांमुळे २०१९ पासून जगभर एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येतो. तेव्हा पाठवण्याचं बटण मंडळाच्याच कुणीतरी दाबायचं, मजकूर मात्र साहाय्यकाने तयार ठेवायचा, ही वाटणी सोयीची. ईमेलसाठी पासवर्ड देण्याची गरज नसते. खातं दुसऱ्याला वापरू द्यायची वेगळी परवानगी देता येते आणि काम संपलं की काढूनही घेता येते. सभासदांचे पत्ते आणि फोन नंबर हे त्यांनी मंडळावर विश्वासाने सोपवलेले असतात. जाहिरातवजा ईमेल असेल तर अमेरिकेच्या २००३च्या कायद्याप्रमाणे त्यात पाठवणाऱ्याचा टपालाचा पत्ता आणि यादीतून नाव काढण्याची सोय लागते. नाव काढायला सांगणाऱ्याला दहा कामकाजाच्या दिवसांत मोकळं करावं लागतं.

आता प्रश्न पडेल की पुण्यालाच का जायचं? कॅरीतच मराठीत एम.ए. केलेली, पूर्वी वर्तमानपत्रात काम केलेली माणसं नाहीत का? असतात. अडचण व्हिसाची असते. एच-१बीवर आलेल्या नोकरदाराच्या जोडीदाराला एच-४ मिळतो, आणि त्यावर पगारी काम करायची मुभा नाही. २६ मे २०१५ पासून काहींना परवाना मिळू लागला. पण नोकरदाराचं ग्रीन कार्डाचं प्रकरण ठरावीक टप्प्याला पोहोचलेलं असावं लागतं. म्हणून शेजारच्या गल्लीतली जाणकार संपादिका मंडळाचा अंक हौसेने तपासू शकते, मानधन मात्र घेऊ शकत नाही. पुण्यातली तिची मैत्रीण घेऊ शकते.

भारतात बसून काम करणाऱ्याची ही कमाई अमेरिकेत झालेली धरली जात नाही. त्यामुळे तिथला कर कापायचा नसतो. पैसे देणाऱ्याने त्याच्याकडून 'डब्ल्यू-८ बेन' हा फॉर्म भरून घ्यायचा आणि स्वतःच्या दप्तरी ठेवायचा. साहाय्यकाने ही रक्कम भारतात आपल्या उत्पन्नात दाखवायची. ठरवताना तासाचा दर की शब्दांचा, हेही बोलून घेतलेलं बरं: तपासणीला शब्दांचा दर चालतो, वाटपाला तासांचा. फायव्हरसारखं संकेतस्थळ काम करणाऱ्याच्या कमाईतले वीस टक्के ठेवून घेतं, म्हणजे दिलेले शंभर डॉलर तिकडे ऐंशीच पोहोचतात.

साडेनऊ तासांच्या अंतराने रात्रीत काम होतं खरं, पण त्याच अंतरात काही चुका दबा धरून बसलेल्या असतात. २०२४ची दिवाळी घ्या. महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला, शुक्रवारी होतं. पण अमावास्या भारतात ३१ ऑक्टोबरच्या दुपारी लागली, तेव्हा कॅरीत त्याच दिवशीची पहाट होती. आणि १ तारखेला कॅरीत सूर्य मावळण्याच्या कितीतरी आधी, सकाळीच ती संपली. कॅरीच्या संध्याकाळी अमावास्या सापडली ती ३१ तारखेलाच, गुरुवारी, मुलं हॅलोविनचे मुखवटे घालून दारोदार गोळ्या मागत हिंडत होती तेव्हा. मंडळाच्या अंकातली '३१ ऑक्टोबर' ही तारीख पुण्यातल्या तपासनिसाला भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरून चूकच वाटली असती. ती त्याने गुपचूप बदलली असती, तर अंक व्याकरणाने निर्दोष झाला असता आणि पूजा एक दिवस उशिरा पडली असती. समासात प्रश्नचिन्ह करून ठेवणाऱ्याला सकाळी कॅरीहून उत्तर मिळालं असतं. त्यानंतरच्या रविवारी, ३ नोव्हेंबरला, अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे गेली. पुण्यातले सकाळचे सात आता कॅरीत रात्रीच्या साडेआठलाच वाजू लागले, आणि लेखकाच्या हातून शेवटच्या परिच्छेदासाठीचा तास निसटला.