राहून गेलेली अनिवार्य कृती : पत्त्यांच्या खेळांतील नियमविवादांचे स्वरूप

सारांश

खेळाच्या नियमांनुसार जी कृती घडलीच पाहिजे ती खेळाडूच्या विस्मरणामुळे घडली नाही आणि डाव पुढे गेला, तर काय करावे, हा पत्त्यांच्या खेळांतील जुना व वारंवार उद्भवणारा प्रश्न आहे. संग्राह्य पत्त्यांच्या आधुनिक खेळांत तो अधिक गुंतागुंतीचा झाला आहे. प्रस्तुत लेखात मराठी घरांत खेळले जाणारे डाव, गंजिफा, ब्रिज आणि संग्राह्य पत्त्यांचे खेळ यांच्या आधारे या विवादांची मांडणी केली असून न्यायदर्शनातील निग्रहस्थानांचा विचार व दिवाणी प्रक्रियेतील मुदतीचा प्रश्न यांच्याशी त्यांची तुलना केली आहे.

बीजसंज्ञा : अनिवार्य कृती, ऐच्छिक कृती, उतारी, निग्रहस्थान, मुदत, पंच.

प्रस्तावना

पवन मावळातील तिकोणा पेठ हे गाव तिकोणा किल्ल्याच्या पायथ्याशी वसले आहे. या किल्ल्याचे दुसरे नाव वितंडगड. या नावाची व्युत्पत्ती हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. तथापि भारतीय न्यायशास्त्रातील ‘वितंडा’ या संज्ञेची आठवण त्यामुळे सहज होते. न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार मानले आहेत. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचे खंडन करण्यासाठी होते ती वितंडा. पत्त्यांच्या डावात नियमाचा प्रश्न निघाला की हे तिन्ही प्रकार एकाच बैठकीत पाहावयास मिळतात. अशी बैठक देवळाच्या ओट्यावर बसो, महाविद्यालयाच्या जिमखान्यात बसो अथवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत, विवादाचे मूळ पुष्कळदा एकच असते : करावयाची गोष्ट राहून गेली आणि ती उशिरा लक्षात आली.

अशा प्रसंगी केवळ एका डावाची हारजीत पणाला लागत नाही. विसरलेल्या खेळाडूवर लबाडीचा आरोप होतो. लबाडी करणारा विसरल्याचा बहाणा करतो. आणि दोघांना वेगळे ओळखण्याचे साधन नियमांत नसेल, तर प्रामाणिक माणसाचेच अधिक नुकसान होते. यास्तव हा प्रश्न क्षुल्लक मानणे योग्य ठरणार नाही.

मराठी घरांतील डाव

बदाम सत्ती हा लहानथोरांच्या परिचयाचा खेळ. बदामाची सत्ती ज्याच्याकडे असेल त्याने ती टाकून डाव सुरू करावयाचा असतो. पुढे ज्याच्याकडे लागणारे पान आहे त्याने ते लावलेच पाहिजे. एकही पान लागत नसेल तरच ‘पास’ म्हणता येते. यांपैकी पहिली सक्ती कोणी विसरूच शकत नाही, कारण सत्ती पडल्याखेरीज डाव सुरू होत नाही. दुसरी सक्ती मात्र विसरता येते आणि मोडताही येते. हातातील पाने इतरांना दिसत नाहीत आणि छक्की किंवा अठ्ठी दाबून ठेवण्यात खेळाडूचा लाभही असतो. नियमभंगाचा पुरावा मिळतो तो बराच उशिरा, दाबलेले पान अखेर पटावर येते तेव्हा. तोपर्यंत मागील फेऱ्यांत कोण कशावर पास म्हणाले होते याची स्मृती अंधुक झालेली असते.

पाच-तीन-दोन या तिघांच्या डावात याहून वेगळा प्रकार आढळतो. ठरलेल्या संख्येपेक्षा अधिक हात करणाऱ्याला पुढील वाटपानंतर कमी हात करणाऱ्याच्या पानांतून न पाहता पान ओढता येते आणि बदल्यात तो आपल्याकडील एक पान देतो. पाने पिसून वाटली, हुकूम ठरला, उतारीही झाली आणि मग कोणाला तरी आठवते की मागच्या डावाचे पान ओढायचे राहिले. आता पान ओढू द्यावे, तर पहिल्या हातात दिसलेल्या पानांची माहिती ओढणाऱ्याला आधीच मिळालेली असते. न द्यावे, तर कष्टाने मिळवलेला हक्क बुडतो. या पेचाचे उत्तर घरागणिक निराळे असते. ते डावापूर्वी ठरलेले नसते, म्हणूनच भांडण होते.

सावंतवाडीच्या लाखकामासाठी प्रसिद्ध असलेल्या दशावतारी गंजिफेत १० रंग आणि प्रत्येक रंगाची १२, अशी एकूण १२० गोल पाने असतात. डाव तिघांचा. दिवसा रामाच्या आणि रात्री कृष्णाच्या राजाने प्रारंभ करावयाचा, असा दंडक आहे. या नियमाची रचना लक्षणीय आहे. दिवस की रात्र हे सर्वांनाच दिसते. राजा कोणाच्या हाती आहे हे केवळ त्यालाच ठाऊक असते. परंतु तो गप्प राहिला तर डाव अडतो आणि सर्वांना कळते. अर्थात ज्या अनिवार्य कृतीवाचून खेळ पुढेच सरकत नाही, तिच्याविषयी विवाद क्वचितच निर्माण होतो. विवाद निर्माण होतो तो जिच्यावाचून खेळ सुरळीत चालू राहतो अशा कृतीविषयी.

या दृष्टीने अनिवार्य कृतींचे चार वर्ग करता येतात. पहिली डाव अडवणारी. दुसरी राहून गेल्यास पंचाला तत्काळ दिसणारी. कबड्डीत गड्याला स्पर्श न करता व निदान रेषा एकदाही न ओलांडता परतलेला चढाईपटू बाद ठरतो, हे तिचे उदाहरण. तिसरी हातातील पानांत लपलेली व उशिरा उघड होणारी. चौथी सर्वांच्या डोळ्यांसमोर असूनही कोणाच्याच लक्षात न येणारी. संग्राह्य पत्त्यांच्या खेळांतील विवाद प्रामुख्याने या चौथ्या वर्गातील आहेत.

दंड की दुरुस्ती

तिसऱ्या वर्गाचा सर्वांत सूक्ष्म विचार ब्रिजच्या नियमांनी केला आहे. उतारीच्या रंगाचे पान हाती असताना दुसऱ्या रंगाचे पान टाकणे यास तेथे ‘रिव्होक’ म्हणतात. चूक करणाऱ्याने किंवा त्याच्या भिडूने पुढील हातात पान टाकेपर्यंत ही चूक दुरुस्त करावीच लागते. त्यानंतर ती पक्की होते. पक्की झाल्यावर ठरावीक परिस्थितीनुसार एक किंवा दोन हात प्रतिपक्षाला दिले जातात. प्रतिपक्षाने पुढील वाटपात बोली लावल्यानंतर चूक निदर्शनास आली, तर हा ठरावीक दंड मिळत नाही. मात्र झालेले नुकसान भरून काढण्याचा संचालकाचा अधिकार शिल्लक राहतो. आपल्याच बाजूची चूक स्वतःहून जाहीर करण्याचे बंधन साधारणतः नसते. परंतु ती लपवण्याचा प्रयत्न करणे, उदाहरणार्थ त्यासाठी दुसरा रिव्होक करणे, निषिद्ध आहे. मौन आणि लपवाछपवी यांतील हा भेद महत्त्वाचा आहे.

चेकर्सच्या जुन्या इंग्रजी नियमांत उपाय अधिक कठोर होता. मारता येणारी सोंगटी न मारल्यास प्रतिस्पर्ध्याला तीन पर्याय असत : चाल तशीच राहू देणे, मारण्यास भाग पाडणे, किंवा ज्या सोंगटीने मारावयास हवे होते ती पटावरून उचलून घेणे. आधुनिक स्पर्धांतून हा तिसरा पर्याय हद्दपार झाला असून मारणे भाग पाडले जाते. विस्मरणाचे शासन म्हणून सोंगटी गमावणे ही शिक्षा चुकीच्या मानाने मोठी होती. शिवाय मुद्दाम न मारता सोंगटी ‘अर्पण’ करण्याची क्लृप्तीही तीतून निघू शकत होती.

संग्राह्य पत्त्यांचे खेळ

गणितज्ञ रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेला ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ १९९३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि संग्राह्य पत्त्यांच्या खेळांचे युग सुरू झाले. जपानमध्ये १९९६ साली ‘पोकेमॉन’चे आणि १९९९ साली ‘यु-गि-ओह’चे पत्ते आले. या खेळांचे वैशिष्ट्य असे की प्रत्येक पत्त्यावर त्याचा स्वतःचा नियम छापलेला असतो आणि तो सर्वसाधारण नियमाशी विसंगत असल्यास पत्त्यावरील मजकूर श्रेष्ठ मानला जातो. खेळाडू आपला संच स्वतः जुळवतो. परिणामी नेहमीच्या ५२ पानांच्या खेळात एकदा शिकून भागते, तसे येथे भागत नाही. प्रत्येक प्रतिस्पर्ध्याबरोबर नवे नियम समोर येतात.

अनेक पत्त्यांवर ‘अमुक घडेल तेव्हा तमुक होते’ अशा स्वरूपाचे वाक्य असते. त्यात ‘करू शकता’ असे पद असेल, तर परिणाम ऐच्छिक. नसेल, तर अनिवार्य. यु-गि-ओहमध्ये या भेदाला विशेष धार आहे. तेथे ‘जेव्हा’ या शब्दाने बांधलेला ऐच्छिक परिणाम, त्याची अट पूर्ण होणे ही अखेरची घटना नसेल, तर वेळ चुकल्यामुळे वापरताच येत नाही; अनिवार्य परिणामाची वेळ मात्र अशी चुकत नाही, तो लागू होतोच. नियमपुस्तकाच्या दृष्टीने तो लागू झालेलाच असतो; मेजावर मात्र कोणी काहीच केलेले नसते. नियमांतील खेळ आणि मेजावरील खेळ यांत पडलेली ही फट हेच सर्व विवादांचे उगमस्थान होय.

ती बुजवण्याचे मार्ग मॅजिकच्या पंचनियमांनी वेळोवेळी बदलले. पूर्वी खेळाची स्थिती नियमानुसार राखण्याची जबाबदारी दोन्ही खेळाडूंवर सारखीच मानली जात असे. तिचा व्यवहारातील अर्थ असा होई की प्रतिस्पर्ध्याच्या लाभाचा परिणाम तो विसरला, तर आपणच त्याला आठवण करून द्यावी. स्पर्धात्मक खेळात हे अनेकांना अन्यायकारक वाटले. आपल्या पत्त्यांचे भान राखणे हाही कौशल्याचा भाग आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. २०१२ साली झालेल्या बदलानंतर औपचारिक स्पर्धांत ही जबाबदारी परिणामाच्या स्वामीकडे गेली. प्रतिस्पर्ध्याच्या राहून गेलेल्या परिणामाकडे लक्ष वेधणे बंधनकारक राहिले नाही. परिणाम राहिल्याचे अल्पावधीत लक्षात आल्यास तो आता लागू करावा की नाही, हे सामान्यतः प्रतिस्पर्धी ठरवतो. राहून गेलेला परिणाम स्वामीला लाभदायक असेल, तर लाभ बुडणे हीच पुरेशी किंमत मानून निराळी ताकीद दिली जात नाही. तो सर्वसाधारणपणे स्वामीला अपायकारक असेल, तर ताकीद मिळते, कारण अशा विस्मरणात त्याचा फायदा असतो. स्वतःचा अनिवार्य परिणाम हेतुपुरस्सर टाळणे ही मात्र फसवणूक ठरते.

या व्यवस्थेत तीन तत्त्वे दिसतात : जबाबदारी कोणाची हे आधी ठरवणे, दुरुस्तीला मुदत घालणे आणि लाभाच्या दिशेवरून संशयाची मात्रा ठरवणे. क्रिकेटमधील अपिलाचा नियम पहिल्या दोन तत्त्वांवरच उभा आहे. क्षेत्ररक्षकांनी अपील केल्याखेरीज पंच फलंदाजाला बाद देत नाही आणि गोलंदाजाने पुढील चेंडूसाठी धाव घेण्यास प्रारंभ केला की अपिलाचा हक्क संपतो.

निग्रहस्थानांचा विचार

हाच प्रश्न न्यायसूत्रांच्या पाचव्या अध्यायात वेगळ्या संदर्भात आला आहे. तेथे वादातील पराभवाची २२ निग्रहस्थाने सांगितली आहेत. त्यांपैकी ‘पर्यनुयोज्योपेक्षण’ म्हणजे प्रतिवादी निग्रहस्थानी सापडला असताना त्याकडे दुर्लक्ष करणे. म्हणजे समोरच्याची चूक न दाखवणे हीसुद्धा चूक. त्याच्या जोडीला ‘निरनुयोज्यानुयोग’ आहे : दोष नसताना दोषारोप करणे. दुर्लक्षही दोष आणि खोटा आरोपही दोष, अशी ही दुहेरी शिस्त आहे.

तथापि पहिल्या निग्रहस्थानात एक अडचण संभवते. ते दाखवणार कोण? ज्याने चूक केली तो आपली चूक उघड करून प्रतिपक्षाचे दुर्लक्ष सिद्ध करणार नाही. वात्स्यायनाने भाष्यात दिलेले उत्तर असे की पराजय कोणाचा, असे विचारले असता हे परिषदेने सांगावयाचे. त्रयस्थाची गरज येथे तर्कानेच सिद्ध होते. दोघांच्याही लक्षात न आलेली गोष्ट त्या दोघांच्या साक्षीने ठरवता येत नाही. आणि एकाच्याच लक्षात आली असेल, तर त्याच्या मौनाचा अर्थ त्याने स्वतः लावून चालत नाही. आधुनिक पंच हे त्या परिषदेचेच रूप होय. फरक इतकाच की मॅजिकचा पंच विस्मरण पाहूनही अनेकदा गप्प राहतो. ताकीद देण्याजोगा प्रमाद किंवा फसवणुकीचा संशय असेल तेव्हाच तो हस्तक्षेप करतो.

कायद्यातील समांतर

विधिशास्त्रातही अनिवार्य आणि निर्देशात्मक तरतुदींचा भेद परिचित आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ८, नियम १ नुसार प्रतिवादीने लेखी कैफियत ३० दिवसांत, फार तर ९० दिवसांत दाखल करावयाची असते. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सेलम ॲडव्होकेट बार असोसिएशन प्रकरणात ही मर्यादा निर्देशात्मक मानली व अपवादात्मक परिस्थितीत विलंब क्षम्य ठरवला. व्यापारी दाव्यांसाठी कायद्यात बदल होऊन १२० दिवसांची अंतिम मर्यादा आली, तेव्हा २०१९ साली एससीजी कॉन्ट्रॅक्ट्स प्रकरणात तीच सक्ती अनिवार्य ठरली आणि मुदतीनंतर कैफियतीचा हक्क बुडतो, असे स्पष्ट झाले. सर्वसाधारण दाव्यात न्यायाची पूर्तता आणि व्यापारी दाव्यात शीघ्रता, अशी ही प्राधान्ये आहेत. कौटुंबिक डाव आणि औपचारिक स्पर्धा यांतील भेदही याच जातीचा आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की राहून गेलेल्या अनिवार्य कृतीबाबत सर्व खेळांना लागू पडणारा एकच उपाय नाही. घरगुती वा शिकाऊ डावात दुरुस्ती शक्य असेल तोवर दुरुस्ती करणे हितावह. तेथे आठवण करून देणे हा सौजन्याचा भाग आहे. स्पर्धेत हक्काची जबाबदारी हक्कदारावर टाकणे न्याय्य. तथापि ते आधी जाहीर झालेले असले पाहिजे. महाविद्यालयीन जिमखान्यांनी पत्त्यांच्या स्पर्धा घेताना लक्ष कोणी ठेवायचे, चूक केव्हापर्यंत दुरुस्त होईल आणि त्यानंतर काय, या तीन प्रश्नांची उत्तरे पहिली पाने वाटण्यापूर्वी फलकावर लावल्यास बहुतेक भांडणे उद्भवणारच नाहीत.

विस्मरणाची किंमत चुकवावी लागणे स्वाभाविक आहे; परंतु ती किंमत डावातच चुकती झाली पाहिजे, खेळाडूच्या नावलौकिकातून नव्हे. ज्या विस्मरणाने विसरणाऱ्याचेच नुकसान होते त्याला लबाडी म्हणणे हा निरनुयोज्यानुयोग आहे, आणि ज्याने त्याचा वारंवार लाभ होतो त्याकडे डोळेझाक करणे हे पर्यनुयोज्योपेक्षण. नियम करणाऱ्यांना आणि पंचांना हे दोन्ही दोष टाळावे लागतात. ते टळले, तरच नियमावरील चर्चा वितंडेकडे न झुकता वादाच्या पातळीवर राहू शकते.