अंबागडचा किल्ला

मुलांनो, भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगरचे नाव तुम्ही ऐकले असेल. देशाच्या रक्षणासाठी तेथे आयुधनिर्माणी आहे. तीनशे वर्षांपूर्वी मुलखाचे रक्षण किल्ले करीत. याच जिल्ह्यात, तुमसर तालुक्यातील एका टेकडीवर, असा एक किल्ला आहे. त्याचे नाव अंबागड.

त्या काळी येथे देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याचे राज्य होते. नागपूर शहर वसवणारा राजा तो हाच. त्याचा सुभेदार राजाखान पठाण याने इ. स. १७०० च्या सुमारास अंबागड बांधला.

पुढे किल्ला नागपूरच्या रघुजी भोसल्यांकडे आला. त्यांनी त्याचा तुरुंग केला. आतल्या विहिरीचे दूषित पाणी कैद्यांना प्यावे लागे, असे सांगतात. पाहा, ज्या भिंती शत्रूला बाहेर ठेवण्यासाठी उभारल्या, त्याच माणसांना आत कोंडू लागल्या!

१८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले. किल्ल्याची गरज संपली. देखभाल नसली, की भेगांत झाडे रुजतात, मुळे दगड सुटे करतात आणि भिंती ढासळतात.

किल्ला, बुरूज, दरवाजा, कैदी हे शब्द तुमच्या उर्दूतही आहेत ना? गोंड, पठाण आणि मराठे यांचा हा वारसाही तसाच सर्वांचा आहे. किल्ल्यावर गेलात, तर भिंतीवर नाव कोरू नका, दगड हलवू नका. पडलेला दगड पुन्हा बसवता येईल. पण हरवलेला दगड कोठून आणणार?

शब्दार्थ : खालसा करणे – राज्य काढून घेऊन आपल्या राज्यात मिळवणे, ढासळणे – कोसळणे, वारसा – पूर्वजांकडून मिळालेली ठेव.