मात्रा लागू पडेपर्यंत

आमच्या लहानपणी घरोघरी तान्ह्या मुलांसाठी सहाणेवर मात्रा उगाळली जात असे. वेखंड, हिरडा, हळकुंड, जायफळ यांचे वेढे आजी मोजून देई. जायफळाचा एखादा वेढा अधिक झाला तर मूल दिवसभर झापडीत राही आणि कमी झाला तर रात्रभर घर जागवी. ‘मात्रा लागू पडली’ असे आपण अद्यापही म्हणतो, ते या अनुभवावरूनच. औषध योग्य असून भागत नाही, त्याचे मापही योग्य असावे लागते. ही जुनी गोष्ट आम्हांस आमच्याच घरी एका मसुरीएवढ्या गोळीने नव्याने शिकविली. तीच हकीकत आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

कारापूरच्या आमच्या घरात वहिनी म्हणजे साऱ्या संसाराचा कणा. पहाटे सर्वांच्या आधी त्या उठत आणि रात्री सर्वांच्या मागून निजत. काही वर्षांपूर्वी त्यांच्या वागण्यात हळूहळू फरक पडू लागला. पहाटे उठवेना. मासळी साफ करता करता त्या मध्येच हात थांबवून बसत. वैशाखात आम्ही सारे घामाने भिजत असता त्या अंगाभोवती पदर लपेटून घेत. चेहरा सुजल्यासारखा दिसू लागला, आवाज जड झाला, फणीत केसांचे पुंजके येऊ लागले, आणि जेवण बेताचे असूनही वजन वाढत चालले. आम्ही त्याचा काय अर्थ लावला? हे लिहिताना लाज वाटते, पण आम्ही त्यांना आळशी ठरविले. “सुनेचे हल्ली कामात लक्ष नाही,” असे आई शेजारणीला म्हणाली. वहिनींनी ते दाराआडून ऐकले आणि मुकाट्याने चुलीपाशी जाऊन बसल्या.

पुढे एकदा जिना चढताना त्यांना धाप लागली, म्हणून दवाखान्यात नेले. रक्त तपासले आणि कारण उघड झाले. टी. एस. एच. नावाचा एक घटक साधारणपणे ४ च्या आत असावयाचा, तो ३८ निघाला. रक्तही कमी भरले. थायरॉईड ग्रंथीचे काम मंदावले आहे, असे डॉक्टरांनी सांगितले.

ही ग्रंथी आपल्या गळ्यात, कंठमण्याच्या किंचित खाली असते. तिचा आकार पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा असतो. तिच्यातून पाझरणारा रस रक्तावाटे सर्व शरीरात जातो. हृदयाची गती, अंगातील ऊब, अन्नाचे पचन, मनाचा उत्साह या सर्वांचा वेग तो ठरवितो. या ग्रंथीवर मेंदूच्या तळाशी असलेल्या दुसऱ्या एका लहान ग्रंथीची देखरेख असते. मजूर कामात मागे पडू लागले की मुकादमाचा आवाज चढतो, त्याप्रमाणे थायरॉईडचा रस कमी पडू लागला की ही दुसरी ग्रंथी टी. एस. एच. अधिकाधिक सोडते. म्हणून या तपासणीतील आकडा चढला तर कंठातील ग्रंथी मंदावली असे समजावे, आणि आकडा फार उतरला तर शरीरात तो रस गरजेपेक्षा अधिक झाला असे समजावे. प्रथमदर्शनी हे उलटे वाटते. अनेकांचा घोटाळा होतो तो येथेच.

“आपण तर समुद्राची मासळी खाणारे, मग हा विकार आपल्याकडे कसा?” असा प्रश्न आईने केला. प्रश्न रास्त होता. ही ग्रंथी आपला रस आयोडीनपासून तयार करते, आणि ज्या मुलखात माती-पाण्यात आयोडीन नाही तेथे गलगंड पूर्वी घरोघरी दिसत. हिमालयाच्या पायथ्याच्या कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून लोकांना आयोडीनयुक्त मीठ पुरवून तेथील गलगंड कमी होतो हे सिद्ध केले. १९६२ मध्ये देशभर त्यासाठी कार्यक्रम सुरू झाला. परंतु आयोडीन पुरेसे मिळूनही हा विकार होतो. शरीराचे रक्षण करणारी शक्ती कधी कधी भ्रमाने आपल्याच ग्रंथीवर उलटते आणि तिला हळूहळू झिजविते. हाशिमोतो या जपानी डॉक्टरांनी १९१२ मध्ये या प्रकाराचे प्रथम वर्णन केले. आज आपल्याकडे प्रौढांत, विशेषतः स्त्रियांत, हा प्रकार पुष्कळ आढळतो. गोवा धरून देशातील आठ ठिकाणी ५,३७६ प्रौढांची तपासणी झाली होती. तिचा निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. शंभरांत सुमारे अकरा जणांची थायरॉईड ग्रंथी मंद होती, आणि त्या अकरांपैकी तिघा-चौघांना त्याची वार्ताही नव्हती. वहिनींसारख्या ज्यांना घरचे लोक आळशी म्हणून मोकळे होतात, अशा कितीजणी त्यांत असतील, कोण जाणे.

असो. डॉक्टरांनी वहिनींना लेव्होथायरॉक्सिनची ५० मायक्रोग्रॅमची गोळी रोज घेण्यास सांगितले. ग्रंथी जो रस देईनाशी होते, त्याच रसाची ही बाहेरून केलेली भरपाई होय. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. रोज १०० मायक्रोग्रॅम घेणाऱ्यास एक ग्रॅम औषध सत्तावीस वर्षे पुरेल. माप इतके सूक्ष्म असल्याने थोडा फरकही शरीरास जाणवतो. ग्रंथी पूर्णपणे निकामी झाली असेल तर प्रौढ माणसास वजनाच्या दर किलोमागे सुमारे १.६ मायक्रोग्रॅम लागते, असा ढोबळ हिशेब आहे. तथापि तो आरंभापुरता. प्रत्येकाची अंतिम मात्रा रक्ततपासणीनेच ठरते.

सहा आठवड्यांनी तपासले तेव्हा आकडा २१ होता. मात्रा ७५ झाली. पुन्हा तपासले, आकडा १४. मात्रा १०० झाली, तरी आकडा ११ च्या खाली येईना. अखेर मात्रा १२५ केली. वहिनींचे वजन साठ किलो, म्हणजे वरील हिशेबाने त्यांना शंभराच्या आतबाहेर पुरावयास हवे होते. घरात कुजबूज सुरू झाली की हे औषध वहिनींना मानवत नाही. एका नातलगाने तर ते बंद करून झाडपाला घ्यावा असे सुचविले.

त्या वेळी साखळीच्या एका डॉक्टरांनी, आजवर कोणीही न विचारलेला एक साधा प्रश्न विचारला. “बाई, गोळी तुम्ही केव्हा घेता, आणि कशाबरोबर?”

“सकाळच्या चहाबरोबर,” वहिनी म्हणाल्या. “रक्त वाढण्याची गोळीही त्याच वेळी घेते. म्हणजे एकही विसरत नाही.”

डॉक्टर हसले. औषध पोटात जात होते, पण त्यातले पुष्कळसे रक्तात उतरतच नव्हते. चहा, कॉफी, दूध व अन्न यांमुळे ही गोळी नीट शोषली जात नाही. लोह आणि कॅल्शियम तर तिला आतड्यातच अडकवून ठेवतात. म्हणून ती सकाळी अनशापोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी, पुढे निदान अर्धा तास, साधल्यास एक तास, काही खाऊ-पिऊ नये, आणि लोह व कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांनी घ्याव्या, असे त्यांनी समजाविले. बाटली ओलाव्यापासून व उन्हापासून जपावी, हेही सांगितले. आमची बाटली चुलीजवळच्या फळीवर होती, आणि आपल्याकडील पावसाळ्यात त्या फळीवरचे मीठसुद्धा पाझरते.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट बजावली होती, ती अशी की आता गोळी चांगली लागू पडेल, तेव्हा सहा आठवड्यांनी रक्त अवश्य तपासावे. येथे चूक झाली ती सर्वस्वी आमची. वहिनींना महिन्याभरात हुशारी वाटू लागली. शेतीची घाई होती. बरे वाटत असता तपासणीवर पैसे कशाला घालवा, असे आम्हीच म्हणालो. चार महिने लोटले. मग त्यांची झोप उडाली, हात थरथरू लागले, चिडचीड वाढली, आणि एका रात्री छातीत इतकी धडधड सुरू झाली की आम्ही घाबरून गाडी काढली. आकडा ०.०५ वर उतरला होता. पूर्वी वाया जाणारी मात्रा आता पूर्ण अंगी लागत होती आणि म्हणून ती अधिक झाली होती. मात्रा अशीच अधिक राहिली तर हृदयाचे ठोके अनियमित होतात आणि हाडे ठिसूळ होतात. ती वेळ थोडक्यात टळली.

मात्रा प्रथम १०० वर आणली, पुढे ८८ वर. तिसऱ्या तपासणीत आकडा २.१ आला आणि तेथे स्थिरावला. पहिल्या गोळीपासून येथवर येण्यास दीड वर्ष लागले. इतका वेळ का लागावा? या औषधाचा अंश शरीरातून सावकाश जातो. निम्मा अंश जाण्यासच सुमारे सात दिवस लागतात. मात्रा बदलल्यावर शरीर नव्या मापाशी स्थिर होण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. त्यापूर्वी तपासून घाईने मात्रा वरखाली करणे म्हणजे पेरल्यावर चार दिवसांनी बी उकरून पाहणे होय.

हा शोध वैद्यकशास्त्रासही सोपा गेला नाही. १८९१ मध्ये इंग्लंडातील न्यूकॅसल येथे डॉ. मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून एका स्त्रीस या विकारातून वर काढले. ती पुढे अठ्ठावीस वर्षे जगली. अमेरिकेत केंडॉल यांनी या ग्रंथीतील मूळ द्रव्य शुद्ध रूपात वेगळे केले, तो दिवस होता २५ डिसेंबर १९१४, म्हणजे नाताळचा. १९२७ मध्ये हॅरिंग्टन व बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत तयार केले. तरीही त्यानंतर कित्येक वर्षे डॉक्टरांना नाडी आणि रोग्याची कळा पाहूनच मात्रा ठरवावी लागे. टी. एस. एच. ची तपासणी रूढ झाल्यावर दिसून आले की पुष्कळ रोगी गरजेहून अधिक औषध घेत होते.

गर्भवती मातांस एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. ज्या स्त्रीस हा विकार आहे तिने दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांकडे जावे. आरंभीच्या महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या रसावर अवलंबून असते, आणि आईची गरज पहिल्या काही आठवड्यांतच वाढते. गोळी भीतीने बंद करणे हेच त्या बाळास घातक ठरते. वृद्धांच्या व हृदयविकार असलेल्यांच्या बाबतीत मात्र मात्रा अगदी अल्प, १२.५ किंवा २५ पासून, सावकाश वाढवितात.

कधी आकडा योग्य येऊनही थकवा जात नाही. तेव्हा आपणच अर्धी गोळी वाढवू नये. रक्त कमी असेल, झोप पुरी होत नसेल, एखादे दुःख मनात साचले असेल. ते कारण डॉक्टरांसमवेत शोधावे. शेजारणीची मात्रा ती शेजारणीची. दोघींचा रोग एक म्हणून माप एक होत नाही.

आता आमच्या घरी नवा क्रम बसला आहे. वहिनी उठतात आणि पाण्याबरोबर गोळी घेतात. चूल आम्ही पेटवितो. तासाभराने रस्त्यावर पोदेराचा भोंपू वाजतो, तेव्हा पाव येतो आणि सर्वांचा चहा एकत्र होतो. तो भोंपू ऐकल्याशिवाय आई त्यांच्या हाती कप देत नाही. परवा तीच आई दुसऱ्या एका घरच्या सासूला सांगत होती, “सून मंद झाली म्हणून बोलू नका हो. आधी तिचे रक्त तपासून आणा.”