मोडीतला हत्ती

ठाण्यातल्या टेंभी नाक्यावरच्या टपरीत चहाचे पैसे दिले आणि परत आलेल्या सुट्ट्यांत एक हत्ती निघाला. दोन रुपयांचं अकरा कोनी जुनं नाणं, कडा झिजलेल्या आणि त्यावर हातात कंदील घेतलेला भोलू गार्ड, भारतीय रेल्वेचा शुभंकर. रेल्वेला दीडशे वर्षं झाली म्हणून २००३ साली हे पाडलं गेलं. आता ही दीडशे वर्षं मोजायची कुठून? १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली गाडी ३४ किलोमीटरवर ज्या गावात येऊन थांबली, तिथून. नाण्यावर ठाण्याचं नाव नाही. तरी ठाणेकरानं ते खर्चू नये, असं आपलं माझं मत.

स्मारक नाण्यांचा नाद असाच लागतो. स्वतंत्र भारतात सुरुवात झाली ती १९६४ मध्ये, नेहरू गेल्यावर: एक रुपया आणि पन्नास पैसे. पुढे गांधी शताब्दीला १९६९ साली दहा रुपयांचं चांदीचंही नाणं निघालं. मराठी माणसाच्या डबीत हटकून सापडतात ती १९९९ची, दोन रुपयांवरचे शिवाजी महाराज आणि एक रुपयावरचे ज्ञानेश्वर. त्यात २००७ची टिळकांची पाच रुपयांची भर.

ही सगळी बाजारात फिरायला काढलेली नाणी. दुसरा प्रकार आयुष्यात कधी कुणाच्या खिशात जात नाही. पंचाहत्तर, शंभर, सव्वाशे, दीडशे अशा आकड्यांची ही नाणी टांकसाळ आगाऊ नोंदणी करून, दर्शनी किमतीहून बऱ्याच चढ्या भावात विकते. शंभराचं ठरावीक नाणं बरीच वर्षं ३५ ग्रॅमचं असायचं आणि त्यात निम्मी चांदी. त्यातली प्रूफ नाणी चकचकीत केलेल्या ठशांवर एकाहून जास्त वेळा दाबून काढतात. पार्श्वभूमी आरशासारखी आणि चित्र दुधाळ. दिसतात देखणी, नाही म्हणत नाही. पण मखमली डबीतलं नाणं मला लग्नात न नेसलेल्या शालूसारखं वाटतं. मोडीत सापडलेल्याची गंमत त्याला नाही.

गंमत खरी सुरू होते ती भिंग घेतल्यावर. सालाखाली बघा. बारकासा हिरा असेल तर नाणं मुंबईच्या टांकसाळीचं, तारा असेल तर हैदराबादचं, ठिपका नोएडाचा. काहीच नसेल तर कोलकात्याचं. चित्र एकच असलं, तरी खुणा वेगळ्या म्हणून संग्राहक चारही शोधत हिंडतो आणि घरच्यांना वाटतं, याच्याकडे तर हे आहेच की!

नवशिक्याचा हात हमखास घसरतो तो साफसफाईत. मीही पहिल्या उत्साहात डझनभर नाणी चिंचेनं घासून लखलखीत केली होती. चमक आली, पण पन्नास वर्षांत चढलेली झाक गेली. जाणकार अशा नाण्याला हातसुद्धा लावत नाही. धूळ असेल तर साध्या पाण्यानं धुवावं, टिपून कोरडं करावं आणि कडेनं धरावं. बस्स.

आणि ते ‘वैष्णोदेवीचं नाणं द्या, लाखो मिळवा’? ती नाणी लाखोंच्या संख्येनं पाडली गेली आहेत. अशा जाहिरातींपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेलाही सांगावं लागलं.

उलटा प्रकार रिक्षात घडतो. दहाचं नाणं पुढे केलं की, “काका, हे नाय चालत. रेघा कमी आहेत.” एका नाण्यावर दहा रेघा, दुसऱ्यावर पंधरा, तिसऱ्यावर भलतंच चित्र, यातलं काहीतरी खोटंच, असा हिशोब. त्या भलत्या चित्रांतली कित्येक म्हणजे स्मारक नाणीच! जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेनं जाहीर केलं होतं, की दहाच्या नाण्याचे तोवर निघालेले चौदाही नमुने खरे आहेत. हे मी रिक्षावाल्याला एकदा समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मग तुम्हीच ठेवा ना जपून.”

ठेवलं. हत्तीच्या शेजारीच आहे.