मिडी कळफलकावरील वादनसुविधा

मिडी कळफलकाला बहुधा स्वतःचा आवाज नसतो. कोणती पट्टी किती जोराने दाबली व केव्हा सोडली, एवढाच संदेश तो संगणकाकडे किंवा सिंथेसायझरकडे पाठवतो. १९८३ मध्ये प्रचारात आलेल्या मिडी संकेतात पट्ट्यांखेरीज चक्रे व बटणे यांच्या संदेशांचीही सोय आहे.

भारतीय संगीताच्या दृष्टीने यांतील पिच बेंड चक्र सर्वांत महत्त्वाचे ठरते. संवादिनीवर मींड काढता येत नाही. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये तिच्यावर घातलेल्या बंदीमागे हाही एक आक्षेप होता. चक्रामुळे दोन स्वरांमधला सलग प्रवास साधतो. मात्र चक्र केवळ आपली स्थिती कळवते. स्वर किती सरकवायचा हे आवाज देणारे वाद्य ठरवते. ही मर्यादा सहसा दोन अर्धस्वरांची असल्याने षड्जावरून निघालेली मींड शुद्ध ऋषभावरच अडते. शुद्ध मध्यम गाठण्यासाठी ती पाचवर न्यावी लागते. चक्राचा परिणाम संपूर्ण चॅनेलवर होतो. त्याच चॅनेलवर तंबोऱ्याचा षड्ज धरलेला असल्यास तोही सरकतो. त्यासाठी तंबोऱ्याला वेगळे चॅनेल द्यावे लागते.

शेजारचे मॉड्युलेशन चक्र बहुधा स्वराला कंप देते. त्याची गती यंत्राची असल्याने त्यास रागातील आंदोलन म्हणणे धाडसाचे आहे.

गायकाची पट्टी काळी एकऐवजी पांढरी दोन असल्यास ट्रान्सपोझ बटण एकदा दाबणे पुरते. संवादिनीच्या स्केलचेंजरमध्ये पट्ट्याच सरकतात. येथे केवळ संदेशातील स्वरक्रमांक बदलतो.