जुनी गुडगुडी, ओतीव पितळ आणि घासण्याचा मोह

चवथ जवळ आली की गोव्यातील घराघरांत तांब्या-पितळेची भांडी माळ्यावरून खाली उतरतात. समया, निरंजने, तांबे, घंगाळी यांना चिंच, आमसुलांचे पाणी किंवा राख लावली जाते आणि तासाभरात ती झळकू लागतात. नित्याच्या वापरातील भांड्यांसाठी ही रीत योग्यच आहे. पण त्याच माळ्यावर कधी पणजोबांच्या काळातील पितळी गुडगुडी सापडते, एखादी चिलीम सापडते, किंवा कोणी दख्खनच्या प्रवासातून आणलेला ओतीव घोडा सापडतो. मग तोही त्याच चिंचेच्या कोळात बुडवला जातो. भांडे घासणे आणि जुनी वस्तू सावरणे ही दोन वेगळी कामे आहेत. त्यांतील अंतर समजून घ्यायचे असेल तर ज्या हातांनी असे पितळ ओतले जाते त्यांच्यापासून सुरुवात करणे बरे.

आदिलाबादचे ओतारी

तेलंगणाच्या उत्तर टोकाला, पैनगंगेच्या दक्षिण तीरावर आदिलाबाद जिल्हा आहे. नदीपलीकडे यवतमाळ, चंद्रपूर आणि पश्चिमेस नांदेड असल्यामुळे या जिल्ह्यात गोंडी आणि तेलुगूच्या जोडीने मराठीही सर्रास बोलली जाते. १९५६ पर्यंत हा प्रदेश मराठवाड्याबरोबर हैदराबाद राज्यात होता. येथील वोज समाजाचे कारागीर गोंड समाजासाठी पिढ्यान् पिढ्या पितळ ओतत आले. परिसरात त्यांना 'ओतारी' म्हणतात. हा शब्द मराठी माणसाला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. उशेगाव आणि केसलागुडा ही त्यांची गावे. २०१६ मध्ये जुन्या जिल्ह्याचे विभाजन झाल्यावर ती कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेली, तरी कलेचे नाव 'आदिलाबाद डोकरा' असेच राहिले. २०१८ मध्ये तिला भौगोलिक निर्देशांक मिळाला.

ओतण्याची पद्धत अतिप्राचीन आहे. मोहेंजोदडो येथे १९२६ मध्ये सापडलेली नर्तकीची साडेदहा सेंटिमीटर उंचीची मूर्ती याच पद्धतीने घडवली होती. आधी मातीचा गाभा करतात. राळ मिसळलेल्या मेणाचे बारीक दोरे काढून ते गाभ्यावर गुंडाळतात. डोळे, दागिने, आयाळ, सारे त्या दोऱ्यांतूनच उमटते. त्यावर मातीचे थर चढवतात. साचा भट्टीत तापला की मेण वितळून निघून जाते आणि त्याच्या रिकाम्या जागेत सुमारे ९०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापवलेला रस ओततात. धातू निवल्यावर साचा फोडूनच वस्तू बाहेर काढावी लागते.

स्वच्छता करणाऱ्याने यातून दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, साचा फुटलेला असतो. हुबेहूब तशी दुसरी वस्तू पुन्हा होत नाही. दुसरी, पृष्ठभागावरील रेषा म्हणजे मूळ मेणाचे दोरे आहेत. तारेच्या ब्रशने किंवा यंत्राच्या चाकाने घासल्यावर सर्वांत आधी त्याच रेषा झिजतात. वस्तू चकाकते, पण ती कोणत्या पद्धतीने झाली याचा पुरावा पुसला जातो. पोकळ वस्तूंच्या आत मातीचा गाभा अनेकदा तसाच राहतो. ती पाण्यात बुडवली तर माती पाणी धरून ठेवते आणि पितळ आतून गंजत जाते.

गुडगुडी आणि तंबाखूचा थर

हेच नियम गुडगुडीलाही लागू पडतात. तिच्या बाबतीत धुराची भर पडते. तंबाखू पोर्तुगीजांमार्फत पश्चिम किनाऱ्यावर आली आणि तेथून दख्खनमध्ये पसरली. सतराव्या शतकाच्या प्रारंभी अकबराचा दूत असद बेग विजापूरहून परतला तेव्हा त्याने तंबाखूबरोबर ती ओढण्याची एक नक्षीदार नळीही बादशहापुढे ठेवली होती. दरबारी वैद्याने तेव्हाच हरकत घेतली, पण ओढण्याचे साधन मात्र मानाची वस्तू ठरले. दख्खनमध्ये पुढे पितळी, बिदरी, लाकडी अशा अनेक प्रकारच्या गुडगुड्या घडल्या.

जुन्या गुडगुडीत तीन प्रकारचा मळ असतो. वरच्या चिलमीत काजळी आणि राख. नळीच्या आत चिकट, तपकिरी कीट. आणि खालच्या भांड्यात पाण्याने सोडलेला क्षार. कीटामध्ये निकोटिन असते व ते त्वचेतून अंगात जाऊ शकते. त्यामुळे हातमोजे घालूनच काम करावे. जुन्या पितळात शिसेही असू शकते. म्हणून अशी वस्तू स्वच्छ झाल्यावरही ओढण्यासाठी किंवा पाणी पिण्यासाठी वापरू नये. ती पाहण्याची आणि जपण्याची वस्तू समजावी.

नवशिक्याने काम कसे करावे

पहिला दिवस केवळ पाहण्यात घालवावा. चारही बाजूंनी छायाचित्रे काढावीत, सांधे, चिरा आणि डाग टिपून ठेवावेत. काळसर किंवा तपकिरी, गुळगुळीत आणि घट्ट बसलेला थर हा पितळेचे रक्षण करतो. तो काढण्याचे कारण नाही. काजळी बोटाला लागते, ती काढता येते. फिकट हिरवी, भुकटीसारखी सुटणारी बुरशीवजा पूड दिसली तर मात्र ते दुखणे आहे. त्याविषयी पुढे येईल.

दुसरी पायरी कोरडी. मऊ केसांच्या ब्रशने धूळ झाडावी. खाचांतील मळ बांबूच्या टोकदार काडीने अलगद सोडवावा; सुई किंवा चाकू वापरू नये. ओतीव वस्तूच्या खाचांत भाजलेल्या मातीचा कण सापडला तर तो राहू द्यावा. तो साच्याचा अवशेष आहे.

तिसरी पायरी ओली, पण बेताची. काडीला कापूस गुंडाळून तो शुद्ध केलेल्या पाण्यात आणि सौम्य साबणाच्या एक-दोन थेंबांत भिजवावा, पिळावा आणि आधी तळाशी, कोणाला न दिसणाऱ्या जागी लावून पाहावा. रंग निघत नसेल तरच पुढे जावे. कापूस काळा झाला की टाकावा, नवा घ्यावा. तंबाखूचे कीट साबणाला दाद देत नाही. त्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल उपयोगी पडते. नळीत ते ओतू नये. तारेवर गुंडाळलेल्या कापसाने आत फिरवावे. जुना रंग किंवा लाखेचा लेप असलेल्या भागावर अल्कोहोल लावू नये, तो विरघळतो. प्रत्येक भाग ओला केल्याबरोबर सुती कापडाने कोरडा करावा.

लाकडी नळी किंवा लाकडी पाइप असेल तर पाणी जवळपास नकोच. लाकूड फुगते आणि वाळताना तडकते. विलायती पाइपच्या वाटीत जळून बसलेला कोळशाचा थर थोडा खरवडावा, पूर्ण नव्हे. लाकडापर्यंत पाते गेले तर वाटीच कमकुवत होते. त्याची काळ्या कडक रबराची नळी जुनी झाल्यावर हिरवट-तपकिरी दिसते. रबरातील गंधक हवेत आणि उजेडात पालटल्याने तसे होते. ती मऊ कापडाने हळूहळू पुसावी आणि उन्हात ठेवू नये.

शेवटी संरक्षक लेप. संग्रहालयांत त्यासाठी सूक्ष्मस्फटिकी मेण वापरतात. त्याचा अगदी पातळ हात द्यावा आणि कापडाने पुसून घ्यावा.

काय टाळावे आणि का

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण. चिंच, लिंबू, व्हिनेगर यांतील आम्ल आधी काळा थर खाते आणि मग धातूला भिडते. त्यात जस्त अधिक लवकर विरघळते. म्हणून फार घासलेल्या पितळेवर गुलाबी-तांबूस डाग उमटतात. तो डाग म्हणजे झळाळी नसून धातूची झीज असते.

बाजारातील काही पॉलिशांत अमोनिया असतो. त्याचा धोका ब्रिटिश लष्कराने भारतातच अनुभवला. तबेल्यांत साठवलेली पितळी काडतुसे पावसाळ्यात आपोआप तडकत असत. घोड्यांच्या मलमूत्रातून निघणारा अमोनिया आणि दमट हवा ताणलेल्या पितळेला आतून चिरत होते, हे १९२१ मध्ये स्पष्ट झाले. गुडगुडीच्या ठोकून वाकवलेल्या पातळ भांड्याला हाच धोका संभवतो.

गोव्याच्या हवेचा प्रश्न

आदिलाबाद समुद्रापासून दूर आहे. तेथून आणलेली वस्तू गोव्यात आली की तिला दोन नव्या गोष्टींना तोंड द्यावे लागते : पावसाळ्यातील दमटपणा आणि खाऱ्या वाऱ्यातील क्लोराइड. तांब्याच्या मिश्रधातूत क्लोराइड शिरले की ते ओलाव्याच्या साहाय्याने धातू पोखरत राहते आणि फिकट हिरवी पूड बाहेर टाकते. जतनशास्त्रात यालाच 'काशाचा रोग' म्हणतात. घामेजल्या हातांतील मीठही त्यास पुरेसे होते. अशी पूड दिसल्यास वस्तू इतरांपासून वेगळी करावी आणि सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावी. चाळीस टक्क्यांखालील आर्द्रतेत हा विकार थोपतो. पुढचे उपचार प्रशिक्षित जतनतज्ज्ञाकडून करून घ्यावेत. घरगुती रसायनांनी तो वाढतो.

निरोगी वस्तूही उघड्या खिडकीपाशी ठेवू नये. स्वच्छ हातमोज्यांनी उचलावी आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा तरी डबा उघडून पाहावी.

जेथे हात लावू नये

काही वस्तूंवरील काळोखी हीच तिची ओळख असते. तेल, हळद, कुंकू आणि धूर यांचे थर बसलेली देवाची वस्तू बाजारातून आली असली तरी त्या थरांत तिच्या पूजेचा इतिहास असतो. आदिलाबाद जिल्ह्यातील केसलापूर येथे पुष्य अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. त्याआधी मेस्राम कुळातील मंडळी अनवाणी चालत जन्नारम परिसरातील हस्तिनामडुगू येथून गोदावरीचे पाणी आणतात आणि त्या पाण्याने देवाला अभिषेक होतो. देवाला कोणी, कशाने आणि केव्हा न्हाऊ घालावे हे तेथे कुळाने ठरवलेले आहे. हा दंडक जाणणारा माणूस अनोळखी देवमूर्तीवर ब्रश चालवण्यापूर्वी थांबेल.

कायद्याचेही भान हवे. १९७२ च्या पुरावस्तू व कलाकृती कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू खासगी व्यक्तींना परदेशी पाठवता येत नाहीत. पोर्तुगाल किंवा इंग्लंडमधील नातेवाइकांकडे घरची जुनी गुडगुडी नेण्याचा विचार असेल तर आधी पुरातत्त्व खात्याकडे विचारणा करणे शहाणपणाचे. वय ठरवताना तज्ज्ञ पाहतात ते नेमके घासून जाणारे थर : रेषा, मातीचे कण, झीज, जुने डाग.

तुटलेला पाय किंवा निखळलेली कडी घाईने डाग देऊन जोडू नये. सुटा तुकडा कागदात गुंडाळून त्याच डब्यात ठेवावा. उशेगावच्या ओताऱ्याला नवे बनवायला सांगता येते आणि तसे सांगणे त्याच्या उपजीविकेला हातभार लावणारेच आहे. पण जुन्याला नवे करायला सांगू नये. नवशिक्याने एवढे साधले तरी पुरे : धूळ गेली, कीट गेले, ओलावा गेला की हात आवरता घ्यावा. उरलेला काळेपणा पुढच्या पिढीला पाहू द्यावा.